पीसी सारखा बंद पडायला लागला म्हणून परभणीत ज्यांच्याकडं गेले त्यांचा रिव्ह्यू (लांबलचक आहे, चहा घेऊन बसा)

आधीच सांगते, दुकानाचं नाव टाकणार नाही. दुकानवाल्या भाईंनीच बजावलंय की ताई नाव-नंबर कुठं टाकू नका, फोन उचलण्यातच दिवस जातो मग काम कधी करू. स्टेशन रोडच्या आतल्या बोळीत शटरचं दुकान आहे, शटर कायम अर्धं खाली, आत टीव्हीचे सांगाडे, उघडे मिक्सर, जुने मॉनिटर आणि गिऱ्हाईकासाठी एक प्लास्टिकची खुर्ची. एक माणूस, हाताखाली एक पोरगं. पाटी बघून कुणी आत शिरेल असलं दुकान ते नाही.

आमचा पीसी असेंबल केलेला आहे, आय-थ्री दहाव्या जनरेशनचा, आठ-आठ जीबीच्या दोन रॅम (एक सुरुवातीपासूनची, दुसरी नंतर टाकलेली), एसएसडी, आणि कॅबिनेटसोबत फुकटात आलेला एसएमपीएस (आतल्या सगळ्या पार्टना करंट पुरवणारा डबा). मी घरी टायपिंगचं काम करते, जास्त करून कृषी विद्यापीठातल्या पोरांचे थिसिस. ज्यांनी शेतीचा थिसिस बघितलाय त्यांना माहितीये, नुसते टेबलच टेबल, प्लॉटचे आकडे, त्यात फोटो, आणि सबमिशनच्या आदल्या रात्री गाईडनी सांगितलेल्या दुरुस्त्या. अशा टायमाला पीसी क्रॅश व्हायला लागला की पोरगं समोर बसून नखं खातंय आणि आपण ऑटोरिकव्हरीकडं बघत बसलोय.

क्रॅश म्हणजे कधी निळा स्क्रीन यायचा आणि वाचायच्या आत रीस्टार्ट, कधी काहीच न येता खटकन बंद होऊन परत चालू, कधी नुसतं वर्ड किंवा क्रोम उडायचं. मोठं काम करताना व्हायचं आणि रिकामं असताना पण व्हायचं. संध्याकाळी जास्त.

पहिल्यांदा गेलते मेन रोडवरच्या एका चकाचक दुकानात, एसी, काचेचं काउंटर वगैरे. नाव घेत नाही, तसली दुकानं सगळ्या गावात आहेत. तिथल्या पोरानं एकही प्रश्न न विचारता सांगितलं की मॅडम विंडोज १० बंद झालंय ना म्हणून क्रॅश व्हायलंय, ११ मारून देतो. आता विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला हे खरंय, पण सपोर्ट संपला म्हणजे नेहमीचे सिक्युरिटी अपडेट यायचे थांबले, त्यानं चालू मशीन धडाधड पडायला लागत नाही. तरी म्हणलं कधीतरी ११ करायचंच आहे, मारा. पाचशे रुपये घेतले, फॉरमॅट मारला, घरी आणला, संध्याकाळी परत तेच. परत गेले तर इव्हेंट व्ह्यूअर (विंडोजची नोंदवही) उघडून त्यातली लाल ओळ दाखवली, कर्नल-पॉवर ४१, आणि म्हणे बघा पॉवर लिहिलंय, मदरबोर्डचा पॉवर सेक्शन गेलाय, साडेसात हजार होतील. विंडोजमधली मेमरी टेस्ट पण लावून दाखवली, त्यात काही सापडलं नाही, म्हणून रॅम ओके असं बिलाच्या मागं लिहून पण दिलं.

साडेसात हजार ऐकल्यावर मी पीसी उचलला. आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकूंनी भाईंचं सांगितलं, त्यांचा मिक्सर तिथंच जातो.

मला खरं लिहायचंय ते इथून पुढचं. भाईंनी पीसीला हातच लावला नाही आधी. खुर्चीवर बसवलं आणि म्हणले, "ताई, ते मदरबोर्ड राहू द्या बाजूला, बंद कसा पडतो ते सांगा." मग एकेक विचारायला लागले, निळं येतं का सरळ अंधार होतो, पंखा फिरत राहतो का तो पण थांबतो, त्या टायमाला घरातली ट्यूब फडफडते का, इन्व्हर्टर आहे का, कूलर कुठल्या बोर्डावर आहे, दुसरी रॅम कधी टाकली, कॅबिनेटला हात लावला की झिणझिण येतंय का. मला वाटलं हे काय पोलीस स्टेशन आहे का. पण ट्यूबच्या प्रश्नावर मी अडकले, कारण खरंच कधी फडफडायची आणि कधी नाही. ते ऐकून म्हणले हे एक नाही दुखणं, दोन आहेत, आणि दोन्ही एकत्र बघितली तर एक पण सापडणार नाही.

मग त्यांनी सेटिंगमध्ये जाऊन क्रॅश झाल्यावर आपोआप रीस्टार्ट व्हायचं बंद केलं, म्हणजे स्क्रीन आला की तसाच थांबतो आणि फोटो काढता येतो. (नवीन विंडोज ११ मध्ये तो निळा राहिलेला नाही, काळा केलाय. माझ्या लेकीला वाटलं मॉनिटर गेला.) आणि म्हणले चार दिवस घरी चालवा, प्रत्येक वेळेला फोटो काढा आणि ट्यूब फडफडली का लिहा, मग या. पैसे घेतले नाहीत. इथंच मला माणूस पटला, कारण रिपेअरवाल्याकडं मशीन नेलं आणि त्यानं ते ठेवून न घेता परत पाठवलं असं माझ्या बघण्यात पहिल्यांदाच.

फोटो घेऊन गेले. प्रत्येकावर वेगळं नाव, एकदा मेमरी मॅनेजमेंट, एकदा पेज फॉल्ट इन नॉनपेज्ड एरिया, एकदा आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल. भाई म्हणले की दर वेळेला एकाच ड्रायव्हरचं (म्हणजे एखादा पार्ट चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचं) नाव येत असतं तर मी ड्रायव्हरवर संशय घेतला असता, नाव बदलत राहिलं की आधी रॅम बघायची, कारण रॅममधली जागा खराब असली तर त्या जागेवर ज्या कुणाचं सामान पडेल तो मरतो, कधी विंडोजचा तुकडा, कधी वर्ड, कधी क्रोमची टॅब. आणि मग ती ४१ वाली ओळ उघडून आतलं दाखवलं, जे त्या पोरानं दाखवलंच नव्हतं. ४१ चा अर्थ एवढाच की मागच्या वेळेला विंडोज नीट बंद न होता पीसी परत चालू झाला. का ते त्यात नसतं. आत डिटेल्समध्ये बगचेक कोड म्हणून एक आकडा असतो. काही नोंदींमध्ये तो २६, ८०, १० असा होता, म्हणजे निळा स्क्रीन येऊन पडलेला. २६ म्हणजेच हेक्समधलं (कॉम्प्युटरवाल्यांची सोळाच्या पटीतली मोजणी) १ए, तेच मेमरी मॅनेजमेंट. आणि काही नोंदींमध्ये सरळ शून्य, म्हणजे विंडोजला काही लिहायला वेळच मिळाला नाही, एकतर करंट तुटला नाहीतर मशीन जागेवर गोठलं. शून्यवाल्यांच्या वेळा माझ्या वहीतल्या ट्यूब फडफडल्याच्या वेळांशी लावून बघितल्या तर जवळपास सगळ्या जुळल्या. मी म्हणलं बापरे. ते म्हणले बापरे काय त्यात, लिहून ठेवलं की दिसतंच.

रॅमसाठी पेनड्राइव्हवरून मेमटेस्ट८६ प्लस लावला. हा फुकट मिळतो, विंडोज चालू न करता थेट पेनड्राइव्हवरून चालतो, म्हणून विंडोजनं अडवून ठेवलेली रॅम पण त्याला तपासता येते. विंडोजची जी आतली टेस्ट असते ती पण रीस्टार्ट करूनच चालते, पण ती तेवढी खोलवर जात नाही, तिच्यात पास झालेली रॅम यात नापास होऊ शकते, आमची झालीच. १६ जीबीला एक फेरी व्हायलाच बराच वेळ लागतो, म्हणून रात्रभर ठेवून घेतला. सकाळी गेले तर स्क्रीनवर लाल ओळींची रांग लागलेली. पण तेवढ्यावर नवी रॅम विकली नाही त्यांनी. एक रॅम काढली, दुसरी एकटी चालवली, मग अदलाबदल, मग चांगली निघालेली रॅम दुसऱ्या स्लॉटमध्ये घालून परत, कारण कधीकधी रॅम चांगली असते आणि मदरबोर्डचा स्लॉट गचाळ असतो. चूक नंतर टाकलेल्या रॅमच्याच मागं मागं फिरली, स्लॉट दोन्ही चांगले. मदरबोर्ड सुटला. साडेसात हजार वाचले ते या एका अदलाबदलीत.

रॅम नवीन घ्यायची का विचारलं तर म्हणले थांबा, भाव चढलेत सध्या, आणि चांगल्या कंपन्यांची रॅमवर लांबची वॉरंटी असते, काहींची तर लाइफटाईम, स्टिकर शाबूत आहे तर पाठवा कंपनीकडं. तोवर आठवर चालवा. आणि एक सांगितलं ते मला कुणीच सांगितलं नसतं, खराब रॅमवर जे विंडोज टाकलं त्याच्या फायली पण खराब उतरलेल्या असू शकतात. म्हणून चांगली रॅम ठेवून डिस्मची कमांड आणि मग एसएफसी स्कॅननाऊ चालवला, दोन्ही विंडोजच्या स्वतःच्या फायली तपासून दुरुस्त करणाऱ्या कमांड. खराब फायली सापडल्या आणि दुरुस्त झाल्या. मी घरी जाऊन त्या काळात केलेले थिसिस उघडून तपासले, एक झिप उघडतच नव्हती, नशीब त्या पोराकडं मेलवर कॉपी होती.

आता तो सरळ बंद पडण्याचा प्रकार. इथं आमच्या गावात उन्हाळ्यात काहीही बिघडलं की लोक उन्हाचं नाव घेतात. जगात जर्मनी भारतात परभणी म्हणायचं आणि मशीन बंद पडलं की म्हणायचं हीट हो, हीट. माझी पण खात्रीच होती, मी तर कॅबिनेटचं झाकण काढून टेबल फॅन लावून ठेवला होता. भाईंनी एचडब्ल्यूइन्फो (टेंपरेचर दाखवणारं सॉफ्टवेअर) लावून प्रोसेसरवर पूर्ण लोड टाकला, टेंपरेचर सत्तरच्या वरखाली राहिलं. या प्रोसेसरची हद्द १०० ची आहे, आणि तापला तर आधी तो स्वतःचा स्पीड कमी करतो, रडत रडत चालतो, एकदम पटकन मरत नाही. म्हणले प्रोसेसरवरची गार ठेवणारी पेस्ट बदलायची गरज नाही, धूळ काढून देतो तेवढी. आणि कपाशीचा कापूस कसा जातो काय माहित, पण हीटसिंकमधून खरंच कापसाची पुंजकी निघाली.

गंमत म्हणजे दुकानात पीसी एकदा पण तसा बंद पडला नाही. दुसरा कुणी असता तर ओके आहे घेऊन जा म्हणला असता. हे म्हणले दुकानात पडत नाही अन घरी पडतो म्हणजे अर्धा दोष तुमच्या घरात आहे, संध्याकाळी येतो.

आले, मीटर घेऊन, संध्याकाळी, गल्लीतले सगळे कूलर चालू असताना. बोर्डात मीटर घातला तर १८७ व्होल्ट. २३० पाहिजे. मग तिसऱ्या पिनशी मोजलं तर अर्थिंग बोर्डापर्यंत येतच नव्हतं, तार आत नुसती लोंबकळत होती, झिणझिण त्याची. हे त्यांनी स्पष्ट सांगितलं की अर्थिंगमुळं पीसी बंद पडत नाहीये, तो वेगळा विषय आहे, पण जिवाचा आहे, इलेक्ट्रिशियनकडून आधी ते करून घ्या आणि अंगणातल्या अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळ्यात पाणी टाकत जा, आपली जमीन कोरडी ठक्क पडते.

मग इन्व्हर्टर पुढं ओढला. मागं एक छोटं बटण असतं, एका बाजूला यूपीएस आणि दुसऱ्या बाजूला नॉर्मल नाहीतर इको लिहिलेलं. आमच्याकडं एवढी वर्षं इन्व्हर्टर आहे, ते बटण घरात कुणालाच माहित नव्हतं. ते नॉर्मलवर होतं. नॉर्मलवर असलं की लाईट जाऊन बॅटरी लागेपर्यंत जो वेळ जातो त्यात ट्यूब जरा फडफडून चालू राहते, पंख्याला तर कळत पण नाही, पण कॉम्प्युटरला तो सोसत नाही. चांगला एसएमपीएस तेवढ्या वेळापुरता आतल्या कपॅसिटरमध्ये साठवलेल्या करंटवर तग धरतो, पण तो साठा सेकंदाच्या पन्नासाव्या-साठाव्या भागाएवढाच पुरतो, व्होल्टेज आधीच कमी असलं तर अजून कमी, आणि आमच्यासारखा फुकटातला जुना झालेला असला तर विचारूच नका. मेनचा खटका पाडून दाखवलं. ट्यूब जरा लवली आणि पीसी खटकन गेला. बटण यूपीएसवर केलं, परत पाडला, टिकला. पीसीवर लोड टाकून परत पाडला, गेला. मग पिशवीतून स्वतःचा एसएमपीएस काढला, बाहेरच्या बाहेर जोडला, परत परत खटका पाडला, लोडवर, बिनलोडवर, हलला नाही. आमच्या सासूबाई दारात उभ्या राहून म्हणायला लागल्या की अहो बल्ब उडतील.

जुन्या एसएमपीएसवर ४५० वॉट लिहिलेलं, हातात घेतला तर रिकामा डबा. पिवळ्या आणि काळ्या तारेत मीटर धरून दाखवलं, साधा असताना ११.८, लोडवर ११.३. बारा व्होल्टला पाच टक्क्यांची सूट असते म्हणजे ११.४ च्या खाली जायला नको. दुकानात नेऊन उघडला तर आतल्या दोन कपॅसिटरची डोकी फुगून वर आलेली, एकाच्या बुडाला तपकिरी चिकट. घरी कुणी उघडायच्या भानगडीत पडू नका बरं, पिन काढल्यावर पण मोठ्या कपॅसिटरमध्ये करंट साठलेला असतो, झटका जोराचा बसतो.

खर्च सांगते. तपासणीचे तीनशे, घरी येण्याचे दोनशे, नवा ब्रँडेड एसएमपीएस बिलासकट चोवीसशे. जुन्या दुकानाचे पाचशे फुकट गेले ते वेगळे. तपासणीचे पैसे वेगळे घेतात म्हणून काही लोक यांच्याबद्दल कुरकुर करतात, पण माझ्या मते हेच बरोबर आहे, ज्याला तपासणीचे पैसे मिळत नाहीत त्याला पार्ट विकूनच पोट भरावं लागतं, मग प्रत्येक पीसीचा मदरबोर्डच जातो. तीनशे देऊन चांगला आहे काही बदलू नका असं ऐकायला मिळालं तर ते तीनशे वसूल आहेत.

आता कुरकुर माझी पण आहे. वेळेचं काही खरं नाही, उद्या म्हणलं की परवा समजायचं. फोन उचलत नाहीत. बिल मागितल्याशिवाय देत नाहीत आणि मागितलं की पावती पुस्तक शोधण्यात अर्धा तास. समोर बसवून सगळं समजावून सांगतात, ते मला आवडलं, पण ज्याला घाई आहे त्याला डोकं उठतं. शेजारच्या दुकानदाराला मी त्यांच्याकडं पाठवलं, तो प्रश्न ऐकूनच परत आला, म्हणला मला तपासायचं होतं का त्यांना. लॅपटॉपचं काम घेतात पण मनापासून नाही, चिपलेव्हल (बोर्डावरच्या बारीक चिपांचं) काम लागलं तर ते स्वतःच नांदेडला पाठवतात आणि तसं सांगतात. आणि डेटा रिकव्हरी अजिबात करत नाहीत, त्यासाठी जाऊ नका.

बटण यूपीएसवर ठेवल्याचा एक तोटा मात्र झाला, व्होल्टेज १८० च्या खाली गेलं की इन्व्हर्टर सरळ बॅटरीवर जातो, त्यामुळं काही संध्याकाळी लाईट असून बॅटरी उतरते आणि रात्री खरंच गेली की पंखा लवकर थांबतो. घरात त्यावरून रोज एक चर्चा होते. भाईंचं म्हणणं पीसीपुरता छोटा यूपीएस घ्या आणि इन्व्हर्टर परत नॉर्मलवर टाका, थिसिसचा सीझन संपला की बघू.

बाकी तेव्हापासून एकदाही बंद पडलेला नाही. जाणार असाल तर मशीनसोबत स्क्रीनचे फोटो, बंद पडल्याच्या वेळा लिहिलेला कागद आणि जुनी बिलं न्या, मॉनिटर न्यायची गरज नाही. सकाळी अकराच्या आत कुणी भेटत नाही आणि शुक्रवारी दुपारी शटर पूर्ण बंद असतं. रॅम कंपनीकडं पाठवलीये, बदलून आली की लगेच लावू का विचारलं तर म्हणले नवी आहे म्हणून विश्वास ठेवू नका, आधी रात्रभर टेस्ट लावा, लाल ओळ नाही आली तर लावा.